गणवेशाच्या लाइनवर लीन पद्धत आणावी का?

कॉलरपट्टी (धागालेखक)

पुण्यात लीन उत्पादनपद्धतीची, म्हणजे साठा, थांबणे आणि दुरुस्ती यांतला अपव्यय काढून काम चालवण्याच्या पद्धतीची, ओळख करून देण्याची गरज नाही. पिंपरी, भोसरी, चाकण भागात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या लहानशा शेडमध्येही भिंतीवर फाइव्ह-एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्यांची) पाटी आणि जमिनीवर पिवळे पट्टे दिसतात. त्याच भागातल्या शिवणकामाच्या युनिटमध्ये मात्र दोन मशिनांच्या मध्ये अर्धवट शिवलेल्या कपड्यांचे ढीग पडलेले असतात आणि ढीग मोठा असला की काम भरपूर आहे असे मालकाला वाटते. मी आधी सुट्या भागांच्या आणि नंतर तयार कपड्यांच्या कारखान्यांत उत्पादन-अभियंता म्हणून काम केले आहे. शिवणकामाला या पद्धतीची गरज वाहनउद्योगापेक्षा अधिक आहे, असे माझे मत आहे.

हिशेब करून पाहू. समजा, शाळेच्या शर्टाची 30 ऑपरेटरांची लाइन आहे, प्रत्येकीपुढे 20 नगांचे एक बंडल आहे आणि दिवसाला 400 शर्ट बाहेर पडतात. म्हणजे कोणत्याही क्षणी लाइनमध्ये 600 शर्ट अडकलेले असतात आणि आत शिरलेला शर्ट बाहेर पडायला दीड दिवस लागतो, जरी त्यावर प्रत्यक्ष शिलाई होते ती अवघी 20 मिनिटे. कॉलरची टोके असमान येत आहेत हे शेवटच्या चेकरच्या लक्षात येईपर्यंत मागे तशाच शेकडो कॉलरी लागलेल्या असतात, आणि मग ‘ऑल्टर’चा जो माल साठतो तो उसवून पुन्हा शिवण्याची मजुरी कोणीही दरात धरलेली नसते. बंडल 20 वरून 5 वर आणले, तर लाइनमध्ये 150 शर्ट राहतात आणि तोच दोष त्याच दिवशी दुपारपर्यंत सापडतो. त्यासाठी एकही नवे मशीन घ्यावे लागत नाही.

ही पद्धत मोटारीची, आपल्या कामाची नव्हे, असा आक्षेप येईल म्हणून आधीच सांगतो. साकिची तोयोदा यांनी 1924 मध्ये पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्या मागाचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले. पुढे टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे तायिची ओनो 1932 मध्ये तोयोदांच्या सूत-कापड कंपनीत लागले होते आणि मोटारींकडे ते 1943 मध्ये आले. दोष दिसताच काम थांबवावे हे तत्त्व मोटारीने कापडाकडून घेतलेले आहे. शिवाय सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्राने 2023 मध्ये नव्याने सुरू केलेल्या लीन योजनेत मार्गदर्शन आणि सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के भाग सरकार उचलते. मग आपण थांबलो आहोत ते कशासाठी?

गणवेशवाला

थांबलो आहोत ते जून महिन्यासाठी, असे उत्तर देतो.

माझे वर्कशॉप हडपसरच्या पुढे आहे आणि मी शाळांचेच गणवेश करतो. वर्षाच्या विक्रीचा फार मोठा भाग मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जून यांत संपतो. आपल्या पद्धतीत उत्पादन मागणीच्या तालावर चालावे, असे म्हणतात. माझ्या मागणीचा ताल असा आहे की ऑक्टोबरात तो जवळजवळ नसतो आणि शाळा उघडण्याच्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागते. तालाप्रमाणे चालायचे ठरवले तर दिवाळीनंतर निम्म्या ऑपरेटरांना घरी पाठवावे लागेल, आणि मे महिन्यात त्या परत येतील याची शाश्वती नाही. म्हणून मी हिवाळ्यात साठा करतो. त्याला आपण ‘मुदा’ म्हणा, अपव्यय म्हणा. माझ्या मते ती माणसे टिकवून ठेवण्याची किंमत आहे.

दुसरी गोष्ट कापडाची. प्रोसेस हाउस रंगाईची भट्टी भरेल एवढाच माल एका वेळी घेते, माझ्या सोयीने शंभर-दोनशे मीटर रंगवून देत नाही. दोन लॉटमधल्या निळ्यात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. एखाद्या शाळेने ऐनवेळी दोन तुकड्या वाढवल्या आणि माझ्याकडे त्याच लॉटचे कापड नसले, तर त्या वर्गातली मुले प्रार्थनेला वेगळ्या रंगात उभी राहतात आणि पुढच्या वर्षी ती शाळा दुसऱ्याकडे जाते. बंडल बांधण्याची पद्धतही त्यातूनच आलेली आहे. कापडाच्या एका थरातून कापलेली पाठ, बाह्या आणि कॉलर एकत्र राहिल्या नाहीत तर एकाच शर्टात दोन छटा येतात. पत्र्याच्या सुट्या भागांना ही अडचण नसावी.

तिसरी गोष्ट अशी की वाहनउद्योगात साचा बदलायला लागणारे तास मिनिटांवर आणले गेले, याचे कौतुक आम्हीही ऐकले आहे. आमच्याकडे मशीन बदलायला वेळ लागतच नाही. दोरा बदलला, फूट बदलला की झाले. वेळ लागतो तो हात बसायला. नव्या पद्धतीचा पिनाफोर आला की पहिल्या दिवशी निम्मेही काम निघत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी गती येते, आणि 300 नगांची ऑर्डर तोवर संपलेली असते. यावर कानबान कार्ड, म्हणजे मागच्या टप्प्याकडे लागेल तेवढाच माल मागणारी चिठ्ठी, काय करणार?

कॉलरपट्टी

आपण कापडाचा साठा आणि लाइनमधला साठा एकत्र धरत आहात. माझा रोख दुसऱ्यावर आहे. एकाच लॉटचे तागे जूनपर्यंत गोदामात ठेवा, त्याला माझी हरकत नाही. पण हिवाळ्यात तयार शर्टांचा साठा करतानाही ते शर्ट दीड दिवस लाइनमध्ये अडकून पडण्याचे कारण नाही. छटेची अडचण एका थराच्या तुकड्यांना एकच नंबर देणाऱ्या स्टिकरने सुटते, आणि बंडल पाचाचे असले तरी स्टिकर लागतातच. हात बसण्याचा मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे आणि त्यावर उपाय कानबानमध्ये नाही, लाइनच्या मांडणीत आहे: एका लाइनने वर्षभर शर्टच करावेत, दुसरीने पिनाफोर आणि स्कर्ट, तिसरीने पँट. शाळा बदलली तरी कॉलर लावण्याची क्रिया बदलत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र जी लाइन रिकामी दिसेल तिच्यात मिळेल ते काम घातले जाते आणि प्रत्येक वेळी सगळ्यांचे हात नव्याने बसवावे लागतात.

खर्चीवाला

मूळचा इचलकरंजीचा, आता कोथरूडला मुलाकडे असतो. खर्चीने, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देण्याच्या धंद्यात आयुष्य गेले.

धागालेखकांचे तोयोदांचे उदाहरण योग्य आहे, पण अर्धेच सांगितले आहे. तो माग उभा धागा तुटला की थांबे आणि कांडीवरचे आडवे सूत संपत आले की ती वाहणारा धोटा स्वतः बदले, म्हणून एका माणसाला बरेच माग सांभाळता येत. आमच्या गावात 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे हजारो साधे माग आले; त्यांतल्या बहुतेकांवर उभा धागा तुटल्यावर थांबवणारी यंत्रणाच नव्हती. तुटलेला धागा विणकराच्या डोळ्यांना दिसला तर दिसला, नाहीतर चीर तशीच मीटरभर पुढे जायची. त्यात आमची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या गणतीवर ठरायची. माग थांबला की पीक थांबले आणि पीक थांबले की पैसे थांबले. अशा माणसाला ‘दोष दिसताच थांब’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? मेंडिंगमध्ये (विणलेल्या कापडातले दोष दुरुस्त करतात तिथे) बघून घेतील, हेच उत्तर यायचे.

शिवाय शिवणाच्या अलीकडचे सगळे काम घाऊकच असते. सायझिंगला, म्हणजे उभ्या सुताला खळ लावायला, एक सेट लावला की अनेक बीम (उभ्या धाग्यांचे रूळ) भरतात, ते विणून व्हायला आठवडे जातात. तिथे एक-एक नगाच्या प्रवाहाची भाषा उपयोगाची नाही. आपण कात्रीच्या पुढचे बोला, मागचे सोडा.

तिसरा माग

वरच्या प्रतिसादातली ‘एका माणसाला बरेच माग’ ही ओळ सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही, कारण महाराष्ट्राच्या कापड उद्योगाचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे. 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळजवळ सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला. त्यामागच्या कारणांमध्ये कार्यक्षमतेची योजना हे एक प्रमुख कारण होते: दोन मागांच्या विणकराने तीन माग सांभाळावेत, सूतखात्यातल्या कामगाराने सूतयंत्राच्या एकीऐवजी दोन बाजू पाहाव्यात. गिरणी कामगार युनियनची स्थापना त्याच संपात झाली. योजनेमागचा हिशेब मालकांच्या कागदावर निर्दोष होता. सूत तेच, माग तोच आणि माणसाने फक्त एक माग जास्त पाहायचा, असे असेल तर त्या कार्यक्षमतेचा अर्थ श्रम वाढवणे एवढाच उरतो.

धागालेखकांच्या हिशेबात शर्ट किती वेळ थांबतो हे आहे, ऑपरेटर किती वेळ थांबते हे नाही. दोन मशिनांच्या मधला ढीग काढून टाकला की मागची बाई जरा हळू झाली तर पुढची रिकामी बसते, आणि नगावर मजुरी असेल तर ते रिकामे मिनिट तिच्या पगारातून जाते. आज तो ढीग तिचे संरक्षण करतो. त्याच्या भरवशावर ती पाणी प्यायला उठू शकते. तुमचा ‘अपव्यय’ काढताना तिची उसंतही जाते, आणि त्या उसंतीची नोंद कोणत्याच तक्त्यात नसल्यामुळे ती गेल्याचे कोणाला दिसत नाही. सल्लागाराचे 90 टक्के सरकार देणार आहे. या मिनिटांचे कोण देणार?

सुईदोरा

मी लाइन इनचार्ज आहे. आमच्याकडे एका लाइनवर हा प्रयोग झाला होता, म्हणून दोन्ही बाजूंना काही सांगते.

बंडल लहान केल्यावर ऑल्टर खरोखरच कमी झाले. कॉलरवालीची चूक कफवालीच्या हातात तासाभरात येते आणि ती तिथूनच हाक मारते. पूर्वी ती चूक चेकरकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे जायची आणि तोवर दिवस संपलेला असायचा. ढीग गेल्यामुळे चालायला आणि पंख्याचा वारा यायलाही जागा झाली. त्यामुळे तिसरा माग यांचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. ढीग हे सगळ्यांचे संरक्षण नसते. त्यात हरवलेली एक बाही शोधत ज्या हेल्परचा अर्धा तास जातो तिला विचारावे.

पण नंतर यू आकाराची उभ्याने काम करायची लाइन आली. ऐसिन सेइकी या टोयोटा समूहातल्या कंपनीने 1970 च्या दशकात ती पद्धत काढली, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते. तीत मशिनांपेक्षा माणसे कमी असतात, प्रत्येकजण हातातला नग घेऊन पुढे सरकते आणि पुढची भेटली की तिच्या हातात देऊन मागे फिरते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक आणि शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1996 मध्ये गणिताने दाखवले आहे की सर्वांत हळू माणूस आधी आणि सर्वांत वेगवान शेवटी उभा केला, तर अशी लाइन आपोआप समतोल होते. गौरी-गणपतीत चारजणी रजेवर गेल्या तरी लाइन चालते, हा त्याचा फायदा मी पाहिला आहे. तोटा असा की पहिल्या जागेवर कोण उभी आहे हे सगळ्यांना दिसते. आमच्याकडे त्या जागेवर सर्वांत वयस्कर बाई होत्या. त्यांनी आम्हा निम्म्या मुलींना शिवण शिकवले होते आणि त्यांची शिलाई सगळ्यांत स्वच्छ होती, तरी गतीच्या क्रमाने त्या पहिल्या. त्या आठवड्याभरात ‘माझे पाय दुखतात’ म्हणून काम सोडून गेल्या. पाय दुखत असतीलही.

पैशाचे म्हणाल तर नगावर मजुरी ठेवून ही पद्धत चालत नाही, हे मी ठामपणे सांगते. वेगवान बाईला तिच्या वेगाचे पैसे मिळत नाहीत आणि ती दुसऱ्या कारखान्याची वाट धरते. भोसरीत तिला घ्यायला दहाजण तयार असतात.

कॉलरपट्टी

उभ्याच्या लाइनचा आग्रह माझा नाही. मजुरीबाबत माझे मत असे की बंडल लहान करण्याआधी दिवसाचा पगार आणि त्यावर गटाला मिळणारा बोनस, असा बदल करावा. बोनस मोजताना पहिल्याच वेळी चेकरकडून पास झालेले नगच धरावेत, म्हणजे थांबून दोष दुरुस्त करणाऱ्यांचे नुकसान होणार नाही.

गणवेशवाला

गटाचा बोनस म्हणजे गटातल्या हळू बाईवर बाकीच्यांनी दबाव आणायचा आणि मालकाने हात झटकायचे, हेही मी पाहिले आहे. आणखी एक राहिले. साठा कमी करा असे सांगणारे मोठे खरेदीदार स्वतःचा साठा कमी करताना तो आमच्या गोदामात ठेवतात. माल तयार ठेवा, आम्ही मागू तसा पाठवा, बिल मात्र पाठवल्या दिवसापासून. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत हा कायदा 2006 चा आहे, आणि त्या मुदतीत न दिलेल्या पैशांवर खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात वजावट मिळत नाही, ही तरतूदही लागू झाली आहे. तरीही मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस पाठवण्याची हिंमत किती जणांत आहे? लीन व्हायला आधी हातात पैसा खेळता असावा लागतो.

एवढे बोलूनही, सुईदोरा यांचा ऑल्टरचा अनुभव मला विचार करायला लावणारा वाटला. जानेवारीत शर्टाच्या एका लाइनवर पाचाचे बंडल लावून पाहीन. तागे गोदामातच राहतील, बायका बसूनच काम करतील आणि तेवढ्या काळापुरती त्या लाइनला नगाऐवजी दिवसाची मजुरी देईन.

तिसरा माग

‘तेवढ्या काळापुरती’ हे शब्द खटकले. प्रयोग यशस्वी झाला, दिवसाचे नग वाढले आणि मग दर पुन्हा नगावर आला, तर वाढलेल्या गतीनुसार नवा दर कमीच लावला जाईल. मुंबईच्या गिरण्यांत भांडण याच वळणावर पेटले होते. जानेवारीत पहिले बंडल सोडण्याआधी दिवसाची मजुरी किती, ती कधीपर्यंत आणि त्यानंतर काय, हे तिन्ही मराठीत लिहून त्या लाइनच्या फलकावर लावावे, आणि नगाचा जुना दर त्याच कागदावर तळाशी नमूद करावा.