अनुभव धागा: नाशिकहून गटाने जंगल-पाणथळ बघायला जाताना

नांदूरमधमेश्वरचे पाणपक्षी, येवल्याकडच्या ममदापूरची काळविटं, भंडारदऱ्याचे काजवे आणि ताडोबाचे वाघ, नाशिककरांचे गट बहुतेक याच चार ठिकाणी जातात. प्राणी दिसला की नाही हे सोडून बाकीचं लिहा: किती माणसं, काय न्यायचं, कुठे फसतं, गावात पैसे कसे पोचतात. वर टोपणनाव टाका. स्वतःची वर्णनं नकोत, कामाचं सांगा.

कडवाकाठ

नांदूरमधमेश्वरला आठपेक्षा जास्त माणसं एका वेळी काठावर नेऊ नका. बारा असतील तर दोन तुकड्या करा. एक मनोऱ्यावर, दुसरी गावात चहाला, मग अदलाबदल.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला निघून उपयोग नाही. गोदावरी-कडवा नद्यांच्या पाण्यावर धुकं असतं, ते उठेपर्यंत दुर्बिणीत फक्त पांढरं दिसतं. पण निफाडची थंडी पेपरात येते ती उगाच नाही, तेव्हा कानटोपी हवीच. नायलॉनचं सळसळणारं जाकीट मात्र नको, स्वेटर बरा.

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×५० नवख्याच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. सगळ्यांत मिळून एक स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) पुरतो. त्याची उंची गटातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या डोळ्याला लावा. उंच माणूस वाकू शकतो, बुटका ताणून उंच होत नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे वारकरी हा पाणपक्षी बघायला शिका. काळा, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यावर शेकड्यांनी. तो निवांत चरतोय तोवर तुमचं अंतर बरोबर. चरणं थांबलं, माना ताठ झाल्या आणि थवा सावकाश आत सरकायला लागला की तिथेच थांबा. आणखी चार पावलं टाकलीत तर पाण्यावर पाय आपटत पळत सुटतात आणि त्यांच्याबरोबर थापटे, तलवार बदकं सगळीच उठतात. मग तासभर काठ रिकामा. २०२० मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) जाहीर झाल्यापासून गर्दी वाढलीये, त्यामुळे हे आता जास्तच सांभाळावं लागतं.

भाकरीवाली

जेवणाचं मी लिहिते. गावातल्या बचत गटाला दोन दिवस आधी ताटांचा आकडा सांगा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. सकाळी "चार जण गळले" म्हणून फोन करायचा नाही. पीठ मळून झालेलं असतं, ठेचा कुटलेला असतो. गळलेल्यांचे पैसे गटाने भरायचे, हे निघण्याआधीच ठरवून टाका. ताटाच्या दरात घासाघीस नको. मुलांना चॉकलेटं वाटू नका, पुढच्या गाडीमागे ती धावत सुटतात. कचऱ्याला दोन रिकाम्या गोण्या न्या आणि भरलेल्या परत नाशिकला आणा.

आणखी एक. निफाडच्या उसात बिबटे आहेत. अंधारात उसाच्या बांधाने लघुशंकेला एकट्याने जायचं नाही, उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. हे गटाला मोठ्याने, न लाजता सांगा.

येवलेकर

ममदापूरच्या काळविटांसाठी गाडीतून उतरू नका. गाडी त्यांना ओळखीची असते, दोन पायांवर उभा माणूस नसतो. उन्हाळ्यात पाणवठ्याजवळ तळ ठोकणं हा सगळ्यात वाईट प्रकार. तहानलेला कळप लांब उभा राहून तुमच्या जाण्याची वाट बघतो. गवतात एकटं पाडस दिसलं तर ते हरवलेलं नसतं. आईने लपवून ठेवलेलं असतं, ती जवळच असते. उचलू नका, पाणी पाजू नका.

शेतकऱ्याशी बोलताना "किती सुंदर!" ने सुरुवात केलीत तर संवाद तिथेच संपतो. ते सुंदर जनावर त्याचं पीक खातं. आधी कांद्याचा भाव विचारा.

घोटीपलीकडचा

काजवे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, एक-दोन हलक्या सरी झाल्यावर. मोठा पाऊस लागला की संपलं. अमावास्येच्या आसपास आणि शनिवार टाळून या. घाटघर, साम्रद, उडदावणे या बाजूला गाडी गावातच लावा आणि स्थानिक वाटाड्या घेऊन चालत जा. हेडलाइट आणि टॉर्चमुळे नुकसान होतं, कारण नर चमकून मादीला बोलावतो आणि आपल्या उजेडात तो इशारा विरतो. टॉर्चला लाल जिलेटीन लावा, तोंड जमिनीकडे. सादडा-हिरड्याच्या बुंध्याशी जाऊन फोटो काढू नका, माद्या खाली असतात आणि अंडी मातीत. पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे चिरडले जातात.

कडवाकाठ

शांत बसण्याबद्दल राहिलं. वीस मिनिटं सांगितली की पहिल्या पाचात कुणीतरी "तो कोणता?" विचारतंच. म्हणून प्रत्येकाला वही द्या, रकाने तीन: ऐकलं, पाहिलं, वास आला. नावं नंतर. पहिल्यांदा दहाच मिनिटं ठेवा. वासाचा रकाना सगळ्यांचा कोरा राहतो, दुसऱ्या बैठकीत भरायला लागतो. फोन व्हायब्रेटवर नको, बंदच.

सेवाग्रामने_जाणारी

ताडोबात गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही, तो प्रश्न तिथे आपोआप सुटतो. नाशिकरोडहून नागपूरला रेल्वेने, पुढे गाडीने मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वार. जिप्सीत पर्यटक सहा, शिवाय गाईड आणि चालक. म्हणजे गट सहाच्या पटीत करा. सात झाले की एका माणसासाठी दुसरी जिप्सी. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र मूळचं जवळ ठेवा. जागा फेरीगणिक बदला, नाहीतर पुढच्या सीटवरून दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

बक्षिसी निघण्याआधी ठरवा आणि वाघ दिसो न दिसो तेवढीच द्या. वाघावर पैसे लावले की चालक गाडी पळवतो, मग वाघाची चाहूल देणारा सांबराचा इशाराही ऐकू येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बफरच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत पहाटे लोक मोहफुलं वेचायला जातात. त्यांचे वाकलेल्या अवस्थेतले फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

भाकरीवाली

आणि ताडोबाचं गाभा क्षेत्र मंगळवारी बंद. शनिवारी रात्री निघून "रविवार, सोमवार आणि जमलं तर मंगळवार" असा बेत आखणारे दर वर्षी असतात.