चौथीला सर्वधर्म पाठ: सुरुवात कुठून?

प्रश्न (अलिबाग): युगांडात म्बालेजवळच्या हदासा प्राथमिक शाळेत अबायुदाया (तिथला स्थानिक ज्यू समाज), ख्रिस्ती, मुस्लिम मुलं एकत्र शिकतात. तसा पाठ घ्यायचाय. शनवार तेल्यांपासून सुरुवात करू?

उत्तर १: जरूर! बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून ते नाव. सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) दाखवायला मात्र शुक्रवार संध्याकाळ-शनिवार टाळा, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. आत डोकं झाकायला मुलांना टोप्या घ्या.

उत्तर २: ताई, मलिदा करा, बेने इस्रायलांचा गोड पोह्यांचा प्रसाद. अर्धा किलो पोहे धुऊन लगेच निथळा, भिजत ठेवले की लगदा होतो. एक नारळ, पाव किलो गूळ, वेलची, वर फळं.

उत्तर ३: कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, शिकवायला मासळी उत्तम. पर आणि खवले दोन्ही हवेत. जिताड्याचा खवला नखाने काढून बघू द्या. कोळंबी, कुर्ल्या का वर्ज्य ते लगेच कळतं.