डिस्क घेणारे येडे म्हणे! बरं, मग ऐका

वैतागवाडी
काल दुसऱ्या एका धाग्यावर एका मुलाने साधा प्रश्न विचारला होता, सोनीचा पीएस ५ कन्सोल डिस्कवाला घेऊ की डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला. त्यावर 'रात्रपाळी' यांचं उत्तर जसंच्या तसं देतो: "डिस्कवाल्याला जास्तीचे पैसे मोजणारे येडे आहेत, गेम सगळे डाउनलोडच करायचे असतात, कपाटात डबे मांडून दाखवायचेत कुणाला." खाली लोकांनी टाळ्या पण वाजवल्यात. मी तिथेच लिहायला बसलो तर निबंध झाला, म्हणून वेगळा धागा.

साहेब, हिशोब करा. नवा मोठा गेम आला की ४,९९९. मी डिस्क घेतो, महिन्याभरात संपवतो, ग्रुपवर टाकतो "स्क्रॅच नाही, कव्हर ओरिजिनल, बिल आहे", आणि संध्याकाळपर्यंत साडेतीन हजाराला जाते. म्हणजे गेम पडला दीड हजाराला. तुमचे ४,९९९ गेले ते गेलेच. असे तीन गेम केले की ते जास्तीचे पैसे वसूल, पुढचं सगळं खिशात. आता सांगा येडं कोण.

आणि ज्यांना वाटतं कंपन्या आपल्या सोयीसाठी डिस्क बंद करतायत त्यांनी २०१३ आठवावं. एक्सबॉक्स वन हा कन्सोल येताना मायक्रोसॉफ्ट म्हणालं होतं की सेकंडहँड डिस्कवर बंधनं, वर दर चोवीस तासांनी नेटला हजेरी. लोकांनी इतका गोंधळ घातला की त्याच वर्षी जूनमध्ये माघार घ्यावी लागली. तेव्हा सोनीने व्हिडिओ काढला होता, आमच्याकडे गेम शेअर कसा करायचा: एकजण दुसऱ्याच्या हातात डबा देतो, तो थँक्स म्हणतो, व्हिडिओ संपला. केवढ्या टाळ्या पडलेल्या. तीच सोनी २०२४ ला पीएस ५ प्रो काढते आणि त्यात डिस्क ड्राइव्हच नाही. वेगळा घ्या म्हणे.

रात्रपाळी
माझ्या नावाने धागा, धन्यवाद. येडे हा शब्द जरा जास्त झाला असेल, मुद्दा तोच आहे.

साडेतीनला विकली, कधी? पहिल्या महिन्यात. दोन-तीन महिने थांबलात तर तीच डिस्क दोन हजाराला कुणी घेत नाही, कारण डिजिटलवर सेल लागलेला असतो. मी तर सेललाच घेतो, निम्म्या किमतीत किंवा त्याहून खाली, दमानं. तुम्हाला पहिल्या दिवशी खेळायची खाज, त्याचे पैसे तुम्ही मोजता आणि मग ओएलएक्सवर "भाऊ लास्ट प्राइस बोला" वाल्यांशी हुज्जत घालत बसता. मी तेवढ्या वेळात गेम संपवतो.

दुसरं, डिस्क म्हणजे गेम हा गैरसमज काढून टाका. डिस्क घाला, ती शंभर जीबी आत कॉपी करणार, वर वीस-तीस जीबीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, नेटवरून ओढणार, आणि खेळताना डिस्क आत ठेवायचीच. ती फक्त किल्ली आहे हो. युबिसॉफ्टचा द क्रू, तो ऑनलाइन गाड्यांचा गेम, आठवतो? ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, गेम चालेनासा झाला. लोकांच्या कपाटात रीतसर विकत घेतलेल्या डिस्का होत्या. काय केलं त्यांचं, चहाचे कप ठेवले?

मु_पो_इस्लामपूर
आमच्यात चौघांची गेमची भिशी हाय. दर दोन महिन्याला एकानं नवीन गेम घ्यायचा, आधी त्यानं खेळायचा, मग डबा फिरणार. चौघं फिरून झालं की इकायचा आन पैसं पुढच्यात. अजून एकदाबी भांडण नाय, फकस्त एकदा एकाच्या धाकट्यानं डिस्क खाकऱ्याच्या डब्यात ठिवली हुती, तेल पुसून चालली की राव. डिजिटलमधी ह्ये करून दाखवा.

रात्रपाळी
@इस्लामपूर अकाउंट शेअर करा की. एकाच्या कन्सोलवर अकाउंट प्रायमरी ठेवायचं, दुसऱ्याने लॉगिन करून खेळायचं. एक गेम, दोन माणसं, एकाच वेळी. भिशीची वाट पण बघायला नको.

फोंड्याचो_बांगडो
अकाउंट शेअरिंगचं मला सांगू नका. रूममेटबरोबर एकच अकाउंट होतं, गेम निम्मे निम्मे पैसे काढून घेतलेले. पुढे भाड्यावरून वाजलं, त्याने पासवर्ड बदलला, ईमेल पण त्याचाच. माझे निम्मे पैसे गेले ते गेलेच, वर गेममध्ये जिंकलेल्या ट्रॉफ्या पण त्याच्या नावावर. डिस्का असत्या तर निदान वाटून घेतल्या असत्या, भांडून का होईना.

सावंतवाडीची_सून
मला एक सांगा, तुम्ही सगळे पुण्या-मुंबईत बसून शंभर जीबी शंभर जीबी करताय, आमच्याकडे काय होतं माहितीये का? मुलाने गेम डाउनलोडला लावला, रात्रभर चालू, सकाळी बघतो तर साठ टक्क्यावर नेट बंद. नेटवाल्या मुलाला फोन केला तर म्हणतो काकी, वानरांनी फायबर ओढली, शिडी घेऊन येतो. आला तिसऱ्या दिवशी. पावसात तर विचारूच नका. आणि लाईट गेली की राउटर बंद, इन्व्हर्टर फक्त पंख्याला.

पण डिस्कवाल्यांनीही खूश होऊ नका. आम्ही डिस्क आणून दिली तर तीही म्हणते अपडेट करा. मग डिस्क कशाला घेतली? आणि वॉलेटमध्ये दोन हजार भरून ठेवले होते गेमसाठी, ते चिरंजीवांनी फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटं फोडण्यात घालवले. बंद पाकीट, आत काय निघेल ते नशीब. मटका वेगळा काय असतो? ह्यावर कुणी धागा काढत नाही. डिस्क की डिजिटल म्हणे.

वैतागवाडी
ताई, अपडेट टाळता येतं बऱ्याच गेममध्ये, एकट्याने खेळायचा असेल तर नेट बंद ठेवून डिस्कवरचा जसाच्या तसा चालतो. वानरांच्या मुद्द्यावर मात्र तुम्हाला माझं पूर्ण समर्थन.

@रात्रपाळी द क्रूचं बरं काढलंत. मान्य, ऑनलाइन गेमची डिस्क म्हणजे रिकामा डबा, घ्या, झालं समाधान? पण ऑनलाइन नसलेल्यांचं काय? निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ ला बंद केलं, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ ला. फक्त डिजिटलवर निघालेले त्यातले कित्येक गेम आता तुम्ही पैसे घेऊन उभे राहिलात तरी कुणी विकत देत नाही. कार्ट्रिज, डिस्क मात्र अजून फिरतायत. कॅलिफोर्नियात तर कायदाच करावा लागला, २०२५ पासून लागू, की गिऱ्हाईकाला साफ सांगा, हे विकत देत नाही, लायसन देतोय. त्याआधीच ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे भरताना ती ओळ दिसायला लागली. तुम्ही वाचलीत कधी?

कोपऱ्यातला_पंखा
स्टीमचं नाव निघालं म्हणून आलो. पीसीवरून डिस्क जाऊन जमाना झाला, आमचं काय अडलं? २०१५ पासून रुपयात किमती आहेत, चौदा दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलेला गेम परत करता येतो, आणि जीओजी या दुसऱ्या दुकानावर तर इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवा, कंपनी बुडाली तरी चालतो. पन्नास हजाराचा बंद डबा घ्यायचा, ऑनलाइन खेळायला वर्षाची वर्गणी वेगळी, आणि मग डिस्क हवी का नको म्हणून भांडायचं. गंमत आहे.

मु_पो_इस्लामपूर
आला पीसीवाला. तुझं ग्राफिक कार्ड केवढ्याचं सांग आधी.

कोपऱ्यातला_पंखा
त्यावर मी ऑफिसचं काम पण करतो.

मु_पो_इस्लामपूर
व्हय व्हय, समदी कामंच करत्यात.

पेठेतला_कंपायलर
मी पुण्यात गेम स्टुडिओत काम करतो, म्हणून लिहितो. तुमची ती साडेतीन हजाराची डिस्क पाच हातांतून फिरते ना, त्यातला पहिला सोडला तर बाकीच्या चार विक्रींचा छदाम बनवणाऱ्यांना मिळत नाही. आणि गेम स्टोअरवरून जातो तो दरवेळी कंपनीच्या दुष्टपणामुळे नाही. गाड्यांची, गाण्यांची लायसन्सं संपतात. फोर्झा होरायझन ४ हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०२४ ला विक्रीतून काढला, पण ज्यांनी घेतलेला त्यांना अजून उतरवता येतो. हे कुणी सांगत नाही.

आणि खरं सांगू का, आपल्या पिढीने 'मालकी' वगैरे बोलूच नये. पीएस २ ला चिप मारून पन्नास पन्नास रुपयांच्या कॉपी सीड्या कोण खेळत होतं? तेव्हा मालकी कुठे गेलेली?

ऑरेंज_सिटी_राडा
काहून बे, २००६ मध्ये तू कुठून आणत होता ओरिजिनल? दीड-दोन हजाराची एक सीडी, आमच्या बाबांचा पगार किती होता ते इथे नाही लिहीत. सीताबर्डीवर दुकानदार कन्सोल दाखवतानाच विचारायचा, चिप मारून देऊ का. बिलावर कन्सोल, चिपचे पैसे रोख. झेरॉक्स कव्हर, मार्करने लिहिलेलं नाव, दहातल्या तीन चालतच नव्हत्या. त्या भंगार सीड्यांपायी कन्सोलची लेन्स जायची, मग तोच दुकानदार लेन्सचा करंट वाढवून द्यायचा, चार महिने चालायचं, मग लेन्स कायमची खल्लास. मोजले आम्ही पैसे भाऊ, फक्त तुझ्या स्टुडिओला नाही गेले.

पेठेतला_कंपायलर
म्हणजे परवडत नाही म्हणून चोरी माफ. छान. मला पण बरंच काही परवडत नाही.

ऑरेंज_सिटी_राडा
चोर कोणाला म्हणून राहिला तू? दहा-बारा वर्षांचा पोरगा होतो. आणि निन्टेंडोने इथे धड दुकान कधी थाटलं? ते मारिओ, काँट्रा आपण ज्याच्यावर खेळलो तो टीव्ही गेम कोणता होता? सगळी नक्कल. '९९९९ इन वन'च्या कॅसेटमध्ये मोजून वीस गेम, बाकी तेच फिरवून फिरवून. गल्लीतल्या एका पोराने तरी ओरिजिनल पाहिला का? आमच्यापर्यंत विकायला पोचलेच नाहीत, मग चोरलं कोणाचं?

पेठेतला_कंपायलर
विकायला आले तेव्हा तरी काय केलंत? सोनीने २००९ मध्ये पीएस २ वर खास आपल्यासाठी देसी अड्डा काढला होता, कबड्डी, गिल्लीदांडा, पतंग, भारतात बनवलेला. त्याच वर्षी हनुमानाचा पण आला. किती जणांनी घेतला विकत? इथे हात वर करा. मग म्हणायचं भारतात चांगले गेम का बनत नाहीत.

फोंड्याचो_बांगडो
देसी अड्डा मी घेतला होता. ओरिजिनल. इतका बोर की मित्राला वाढदिवसाला दिला, त्याने दुसऱ्याला दिला. फुकट पण कुणी कॉपी केला नसता.

ऑरेंज_सिटी_राडा
😂😂 घे कंपायलर, ओरिजिनलचा ग्राहक सापडला.

पेठेतला_कंपायलर
हसा. बजेट कुठून येणार होतं चांगल्याला? आमच्यात सीनियर लोक सांगतात, पब्लिशरला भारताचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच असायचा, तिथे विकत कोण घेतं. अजून आम्ही बाहेरच्यांच्या गेममधल्या भिंती आणि खुर्च्या बनवतोय, स्वतःचा गेम काढायला पैसे लावणारा शोधावा लागतो. तुमच्या पन्नास रुपयांची किंमत कुणीतरी भरली ना.

सावंतवाडीची_सून
ह्या कंपायलरचं म्हणणं मला पटतं. आणि त्या लहान मुलांना चोर म्हणणं पटत नाही. दुकानदाराला धरा ना, पोरांना काय बोलता. पण पाकिटांचं कुणीच काही बोललं नाही अजून.

रात्रपाळी
पायरसी कमी झाली ती उपदेशाने नाही, २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि सेलमध्ये गेम चार-पाचशेत मिळायला लागले म्हणून. म्हणजे डिजिटलमुळेच. माझ्या बाजूने हा मुद्दा नोंदवून घ्या.

ऑरेंज_सिटी_राडा
हे मात्र खरं आहे. मी स्वतः आता सगळे विकतचे घेतो. पण कंपायलरसाठी नाही, कॉपी गेमबरोबर कॉम्प्युटरमध्ये येणाऱ्या व्हायरसला कंटाळून.

वैतागवाडी
नोंदवला, पण तो पीसीचा आणि मोबाईलचा मुद्दा आहे, कन्सोलला लावू नका. कन्सोलवर दुकान एकच, भाव ठरवणारा एकच. पीसीवर निदान चार दुकानं आहेत. कन्सोलवर डिस्क हे एकमेव दुसरं दुकान आहे, ते गेलं की तुमचा सेल कधी लागणार आणि किती लागणार ते कंपनी ठरवणार. तेव्हा दमानं घ्या हां.

बाकी धागा मी डिस्कवर काढला होता, आता चिप, लेन्स, गिल्लीदांडा. चालू द्या.

दुबईचा_शेजारी
डिस्कप्रेमींसाठी एक सूचना. आत्येभावाला इथून डिस्क पाठवली, स्वस्त मिळाली म्हणून. डिस्कला रीजनचं कुलूप नसतं त्यामुळे गेम मस्त चालला. मग त्याने वरचं डीएलसी, म्हणजे गेमचा जादा भाग, भारतातल्या अकाउंटवरून विकत घेतलं, ते त्या डिस्कबरोबर चालेचना. डिस्क ज्या रीजनची, डीएलसी त्याच रीजनचं लागतं. पैसे परत मागितले तर कस्टमर केअरने चार वेळा तोच छापील मजकूर पाठवला. आता तो मला फोन करतो.

रात्रपाळी
हेच. डिजिटलला असली भानगडच नाही. एक अकाउंट, सगळं तिथेच.

फोंड्याचो_बांगडो
आणि पासवर्ड रूममेटकडे.

नवीन_कंट्रोलर
नमस्कार, तो आधीचा प्रश्न माझाच होता. सगळं वाचलं. मला फक्त एवढं सांगा, आत्ता डिजिटल घेतला आणि पुढे वाटलं तर ड्राइव्ह जोडता येतो का?

वैतागवाडी
नवीन स्लिमला येतो, पॅनेल काढून बसवायचा, पाच मिनिटांचं काम. जुना जाडा डिजिटल सेकंडहँड घेत असशील तर नाही येत, फसू नकोस. आणि ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, कंपनीच्या सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय तो चालूच होत नाही. सुटा ड्राइव्ह मिळतोय का आणि केवढ्याला ते दुकानदाराला आधी विचार, नंतर जोडून जास्त पैसे जात असतील तर आत्ताच डिस्कवाला घे.

रात्रपाळी
किंवा त्या जास्तीच्या पैशात सेलचे गेम घे.

ऑरेंज_सिटी_राडा
@पेठेतला_कंपायलर ते भिंती आणि खुर्च्यांचं सांग न, कोणत्या गेममधल्या? खेळलो असीन मी.

पेठेतला_कंपायलर
एनडीए आहे, गुप्ततेचा करार. आणि तुला कशाला सांगू, कॉपी मारशील.