सांडपाण्यातले 'औषधी अवशेष' की आणखी काही?

रामनदीकाठी: नमस्कार मंडळी. बाणेरला आमच्या सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे. तिथे माहितीफलक लावायचा घाट घातलाय. इंग्रजी मजकुराचं भाषांतर एकाने असं करून दिलं: 'या केंद्रात सांडपाण्यातील औषधी अवशेषांचे निर्मूलन केले जाते.' व्याकरणात चूक नाही, पण वाचताना खटकतं. तुम्ही काय लिहाल?

शब्दखोड: खटकायलाच हवं. औषधी वनस्पती, औषधी तेल, म्हणजे ज्यात औषधाचा गुण आहे ते. 'औषधी अवशेष' म्हटलं की ते अवशेषच गुणकारी ठरतात, घोटभर घ्यावेत असे! साधी षष्ठी वापरा, 'औषधांचे'. 'अवशेष' ऐकला की मला पडका बुरूज दिसतो, नाहीतर अपघातग्रस्त विमान. इथे मोजणी लिटरमागे नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये चालते. 'अंश' बरा.

मांजरीकडचा: 'अवशेष'ला इतकं हाकलू नका, शेतीत तो कधीचा रुळलाय. कीडनाशकांच्या बाबतीत 'अवशेष' आणि 'उर्वरित अंश' दोन्ही छापून येतात. बोलताना मात्र द्राक्षवाले सरळ 'रेसिड्यू' म्हणतात. आमच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यामुळे हे शब्द इकडे येताजाता कानावर पडतात. माझं मत 'उर्वरित अंश'ला. वापरून झाल्यावर उरलं, हे त्यात येतं. गोळीचंही तेच, काही भाग शरीर मोडतं, उरलेला लघवीवाटे बाहेर. आणि मग 'सांडपाणी' तरी कशाला? महापालिकासुद्धा 'मैलापाणी शुद्धीकरण केंद्र' लिहिते.

शब्दखोड: दादा, गोळीपुरतं पटलं. पण गुडघ्याला चोळलेलं डायक्लोफिनॅकचं जेल? कातडीत मुरतं थोडंच, बाकीचं आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्यात. ते काही मैलापाणी नव्हे. 'सांडपाण्या'त दोन्ही मावतं. (हेच ते डायक्लोफिनॅक, गिधाडांपायी २००६ साली जनावरांसाठी बंदी आलेलं.)

टाकीवाला: एसटीपी चालवणं हाच माझा धंदा, म्हणून थोडं लांबण लावतो. नामावर भांडताय, खरी गडबड 'निर्मूलन'मध्ये आहे. तो शब्द पोलिओला आणि अंधश्रद्धेला ठेवा.

आपले प्लांट बांधलेत बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरवायला आणि घाण खाली बसवायला. औषधं हे त्यांचं गिऱ्हाईकच नाही. तरी काही जाता जाता उरकली जातात. पॅरासिटामॉल एरेशन टँकमधले (हवा सोडतात त्या टाकीतले) जिवाणू जवळपास फस्त करतात. डायक्लोफिनॅक बरंचसं तसंच पुढे सरकतं. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन तर आलं तसं निघून जातं. कधीकधी ते इनलेटपेक्षा आउटलेटच्या नमुन्यात जास्त निघतं. प्लांटमध्ये कोणी गोळ्या टाकत नाही हो! शरीर त्याला दुसऱ्या रेणूची जोड देऊन बाहेर काढतं, टाकीतले जिवाणू ती जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा सुटं होतं. याला निर्मूलन म्हणणार?

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची तऱ्हा वेगळीच. पाण्यात ते बऱ्यापैकी कमी होतं, पण त्यातलं पुष्कळसं स्लजला, म्हणजे तळाच्या गाळाला, चिकटलेलं असतं. स्लज खत म्हणून शेतात गेला की त्याच्याबरोबर तेही गेलं. रिपोर्ट पाण्याचा, तो छान येतो.

म्हणून म्हणतो, औषधाचं पुढे काय होतं ते सांगणारं क्रियापद हवं. ओझोन रेणू मोडतो, तुकडे उरतात, म्हणून पुढे वाळूचा किंवा तसलाच एखादा फिल्टर ठेवतात. कार्बन रेणू धरून ठेवतो, मोडत नाही. तुमच्याकडे यातलं काय आहे?

रामनदीकाठी: वाळूचा फिल्टर आणि कार्बनचा फिल्टर. ओझोन नाही. मग 'कार्बनद्वारे शोषण' लिहू का?

शब्दखोड: शोषण म्हणजे आत मुरवून घेणं. इथे रेणू कार्बनच्या बारीक छिद्रांत, त्यांच्या पृष्ठभागावर बसतात. परिभाषेत 'अधिशोषण'. शब्द अचूक आहे, पण फलकावर तो पाहून माणूस पुढच्या ओळीपर्यंत पोचणारच नाही. 'कार्बनला चिकटतात' लिहा. आणि 'सक्रिय कार्बन'सुद्धा नको, घरोघरी प्युरिफायरमुळे 'कार्बन फिल्टर' ठाऊक झालाय.

टाकीवाला: ताई, जरा थांबा. सोसायट्यांमध्ये कार्बन बसवतात तो रंग आणि वासासाठी. चिकटायला जागा आहे तोवरच तो औषधं धरतो, आणि ती जागा इतर सेंद्रिय घाणही अडवते. भरला की पाणी नुसतं त्यातून वाहतं. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना हे काम कायद्याने लावलं, तिथे अशा सूक्ष्म प्रदूषकांत ८० टक्के घट दाखवावी लागते. युरोपीय संघाच्या २०२४च्या निर्देशात मोठ्या केंद्रांना २०४५ पर्यंत मुदत आहे, आणि या जादा टप्प्याचा निदान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनवाल्यांवर टाकलाय. इतका खटाटोप आहे त्यामागे. तुमचा कार्बन शेवटचा कधी बदलला?

रामनदीकाठी: सेक्रेटरींना विचारलं. 'बदलायचा असतो का?' म्हणाले.

मांजरीकडचा: झालं! 'उर्वरित' तेवढा राहू द्या, सगळंच उरतंय.

शब्दखोड: तर मग: 'कार्बन फिल्टर ताजा असेपर्यंत सांडपाण्यातील औषधांचे काही उर्वरित अंश त्याला चिकटतात.' 'काही' गाळू नका.

टाकीवाला: चालेल. खाली 'कार्बन बदलल्याची तारीख' लिहून पुढे जागा मोकळी सोडा. आणि ती खडूने भरा, ऑइलपेंटने नको.