अ‍ॅसिड हल्ला झाला, आरोपी सापडत नाही: सरकारी भरपाईचा अर्ज कुठे करायचा?

कुर्ला_पूर्व
घरकाम करणाऱ्या एका बाईंवर अ‍ॅसिड फेकलं गेलं. एफआयआर झाला आहे, हल्लेखोर अज्ञात. त्यांना सांगितलं गेलं की आरोपी पकडला जाऊन खटला चालल्याशिवाय सरकार पैसे देत नाही. खासगी रुग्णालय अनामत रक्कम मागतंय. अर्ज कुठे करायचा, किती मिळतात आणि कधी?

विधी_सेवा_मदत
त्यांना चुकीचं सांगितलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५७-अ) नेमकं अशाच वेळेसाठी आहे. आरोपी सापडला नाही आणि खटलाच झाला नाही, तरी पीडित व्यक्ती थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. आरोपी पुढे निर्दोष सुटला, तरी पुनर्वसन गरजेचं वाटल्यास न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं.

पोलिसांच्या 'अ समरी'ची (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, या अहवालाची) वाट पाहू नका. अंतरिम रक्कम आत्ताच मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार अ‍ॅसिड हल्ल्यात किमान ३ लाख द्यायचे आहेत: १ लाख १५ दिवसांत, उरलेले २ लाख त्यानंतरच्या दोन महिन्यांत. अर्जात 'अंतरिम' हा शब्द आणि या आदेशाचा उल्लेख ठळक लिहा, नाहीतर अर्ज अंतिम भरपाईच्या ढिगात जातो. महाराष्ट्रात बायका आणि मुलांसाठी मनोधैर्य योजना ऑक्टोबर २०१३ पासून आहे. तिची कमाल मर्यादा नंतर १० लाखांपर्यंत वाढवली गेली. पीडित पुरुष असेल तर २०१४ ची राज्याची पीडित भरपाई योजना लागू होते.

मुंबईत विधी सेवा प्राधिकरणं दोन आहेत, शहर आणि उपनगर. माहीम-शीवपर्यंत शहर, कुर्ला उपनगरात. पीडित कुठे राहते यापेक्षा गुन्हा कुठे घडला हे बघा. चुकीच्या टेबलावर अर्ज पडला तर महिनाभर फुकट जातो. शंका असेल तर आधी १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा.

बर्न्स_वॉर्ड
अनामत रक्कम भरू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ३९७ नुसार अ‍ॅसिड हल्ल्याच्या पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ मोफत उपचार करायचे आहेत. टाळाटाळ केली तर भारतीय न्याय संहिता कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे रुग्णालयाच्या अधीक्षकांना लेखी द्या आणि पोचपावती घ्या. (ही सोय अ‍ॅसिड आणि लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. चाकूहल्ल्याला हे कलम लागू नाही.)

दुसरं, एफआयआरमध्ये न्याय संहितेचं कलम १२४(१) (अ‍ॅसिडने इजा) आहे का ते पाहा. घाईत नुसतं ११८ (धोकादायक साधनाने दुखापत) लागतं आणि मग प्राधिकरणाचा कारकून म्हणतो, हा अ‍ॅसिडचा गुन्हा दिसत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रात 'भाजणे' एवढंच नको, 'रासायनिक द्रव्याने भाजणे' असं हवं. ते तसं लिहून घेऊन पुरवणी जबाब नोंदवा आणि कलम वाढवण्याची मागणी करा. सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अडतं ते इथेच.

पासबुक
पैसे मंजूर होऊनही खात्यात न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे केवायसी अपुरं असलेलं 'स्मॉल अकाउंट'. त्यात शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते. मग मोठी रक्कम परत जाते. अर्जाआधीच बँकेत जाऊन केवायसी पूर्ण करा. आधार आणि पासबुकावरचं नावही अक्षरशः जुळू द्या.

अर्जासोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय कागद, बिलं, आधार, पासबुकाचं पहिलं पान जोडा. अपंगत्व प्रमाणपत्र नंतर दिलं तरी चालतं, त्यासाठी अर्ज अडवू देऊ नका. अंतिम रकमेचा मोठा भाग मुदतठेवीत जातो. त्यामुळे पुढच्या शस्त्रक्रियांचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेखी घेऊन आत्ताच जोडा.

कुर्ला_पूर्व
फार मदत झाली. एक सांगायचं राहिलं: हल्ला लोकलच्या फलाटावर झाला. त्या कामावर जाण्यासाठी गाडीची वाट पाहत होत्या. मासिक पास होता.

विधी_सेवा_मदत
मग आणखी एक दार उघडं आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १२३(क) आणि १२४-अ प्रमाणे गाडीत किंवा स्थानकाच्या हद्दीत कुणीही केलेला हिंसक हल्ला 'अनुचित घटना' ठरतो. त्यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात करायचा. चेहरा अतिशय विद्रूप झाला असेल किंवा कामासाठी लागणारी दृष्टी गेली असेल, तर ८ लाख मिळतात. मुदत घटनेपासून एक वर्ष. पास हाच प्रवासी असल्याचा पुरावा, तो जपून ठेवा. लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात त्याची नोंद आहे का हे आजच पाहा, नसेल तर पुरवणी जबाबातच तेही घाला. आणि दोन्ही अर्जांत दुसऱ्या अर्जाचा उल्लेख करा. लपवलेली रक्कम नंतर उघड झाली तर आदेश अडकतो.