सोळाव्या लुईच्या आधीच

फ्रेंच फर्निचरचे बाकदार पाय जाऊन सरळ, खाचा पाडलेले पाय राजा सोळाव्या लुईने आणले, असं म्हटलं जातं. त्या शैलीला त्याचंच नाव असल्यामुळे तसं वाटतं खरं, पण तो गादीवर आला १७७४ मध्ये. त्याआधी, १७५७च्या सुमारास, लालिव्ह द झ्युली या संग्राहकाने ल लोरँ या चित्रकाराकडून ग्रीक वळणाच्या, सरळ पायांच्या लिहायच्या टेबलाचं डिझाइन करून घेतलं होतं. एबनी या काळ्या लाकडाचा पातळ थर आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. आज ते टेबल फ्रान्समधल्या शांतीयीच्या संग्रहालयात आहे.

मला मात्र ते फारच बोजड वाटतं, देवळाचा चौथरा उचलून खोलीत ठेवल्यासारखं! नाजूकपणा नंतर आला. म्हणजे राजाच्या वाट्याला आलं ते तयार फॅशनला नाव देणं, तेही बहुधा नकळत.