मदत हवी आहे: मांडवीतला गढूळ पट्टा खरा, की आमच्या वेळेचा घोळ?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गोव्यातल्या मांडवी नदीच्या पाण्यातला तरंगता गाळ मोजतेय. मे महिन्यात अमावस्येच्या उधाणाला पणजीहून होडीने निघालो आणि उसगावपर्यंत जागोजागी वरचं आणि तळालगतचं पाणी भरून घेतलं. मुखाशी पाणी बरंच स्वच्छ, रायबंदर सोडल्यावर गढूळ होत गेलेलं, आणि उसगावकडे पुन्हा निवळ. मधल्या टप्प्यातली तळाची बाटली तर दुधाच्या चहासारखी! जरा स्थिर ठेवली की आत मऊ, पिसांसारखे पुंजके खाली उतरताना दिसत होते.

पुस्तकात कारण असं दिलंय: नदीतली चिकणमाती खाऱ्या पाण्यात गेली की तिचे कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन खाली जातात आणि तळाने आत शिरणारं खारं पाणी त्यांना परत उगमाच्या दिशेने ढकलतं. पण हे पावसाळ्यात पटतं. मे महिन्यात नदीला गोडं पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे कुठल्याही एका जागी मांडवी पृष्ठभागापासून तळापर्यंत जवळजवळ सारखीच खारट. मग हा पट्टा कशाने?

आणि खरी भीती वेगळीच आहे. निघालो तेव्हा पणजीला पूर्ण भरती होती, मधल्या टप्प्यात सुकतीची ओढ जोरात, आणि उसगावला पाणी जवळजवळ थांबलेलं. मी जागा मोजली की वेळ?

प्रतिसाद १:
शंका रास्त आहे. एकाच फेरीत दोन्ही मिसळलंय, त्या आकड्यांवरून पट्टा सिद्ध होणार नाही. मधल्या टप्प्यात नांगर टाकून १३ तास बसा, म्हणजे भरती-सुकतीचं अख्खं चक्र (सुमारे १२ तास २५ मिनिटं) मिळेल. अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी घ्या, वेगही मोजा. ओढीबरोबर गाळ वाढला आणि पाणी थांबल्यावर बसला, तर तळचाच चिखल उसळतोय. पाणी थांबलेलं असतानाही तिथे मुखापेक्षा आणि वरच्या टोकापेक्षा गढूळ राहिलं, तरच पट्टा खरा माना. हेच भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) पुन्हा करा.

गाळणकागद ऊर्ध्वपातित पाण्याने धुतलात ना? मुखाशी मे महिन्यात एक मिलिलिटर पाण्यात साधारण ३५ मिलिग्रॅम मीठ असतं. तेवढं कागदात राहिलं तरी गाळाचं वजन फुगतं.

धागाकर्ती:
धुतले, पण एकदाच. उरलेलं पाणी आहे, ते उद्या गाळून, कागद तीनदा धुऊन परत वजन करते. होडीवाले काका अष्टमीला यायला तयार आहेत. रात्रीचे तास धरून १३ तास कुणी बसलंय का? नांगर कुठे टाकावा, बार्जच्या वाटेपासून किती लांब?